समुद्रापलीकडे सांगितलेला आकडा

मी एक जुना पट्टा आहे, बीपी मोजायच्या यंत्राचा. दंडाला गुंडाळून बटण दाबलं की ज्याचं पोट फुगतं, तोच मी. आता शिवण उसवलीय. मित्रांनो, माझ्यात गुण एकच, मला खोटं बोलता येत नाही. त्याचा कुणाला उपयोग झाला नाही, तो भाग वेगळा!

कारखान्यातून मी एका डॉक्टरांकडे आलो. त्यांची धाकटी बहीण नवऱ्याबरोबर परदेशी निघाली, तेव्हा त्यांनी मला तिच्या बॅगेत कोंबलं. "दर रविवारी यांचं बीपी मोजायचं आणि मला फोनवर सांगायचं," असा दमच भरला.

तिचा नवरा, म्हणजे आमचे बाबा, लॉन्ड्रीत हॉटेलांच्या चादरींना इस्त्री करायचे. दिवसभर वाफेत उभं राहायचं, माणूस कमी पडला की दुसरी पाळीही करायची. सुरुवातीला माझं केवढं कौतुक! शेजारचे, आमच्यासारखेच देश सोडून आलेले, दंड पुढे करून बसायचे. मग शिंपीकाका गेले, पाठोपाठ वरच्या मजल्यावरचे टॅक्सीवाले. दोघेही पन्नाशीच्या आतले, दोघांनाही पक्षाघात. घरोघरी तपासायला आलेली नर्स वैतागली. "तुम्हा बाहेरून आलेल्यांत हे फार होतंय. झोप नाही, वर तंबाखू, जेवणात मीठ, आणि खाडा पडतो म्हणून दवाखान्यात कुणी येत नाही!"

त्यानंतर शेजारी माझ्याकडे फिरकेनासे झाले. आकडा बघायचीच भीती!

बाबांचा आकडा एकशे ऐंशीच्या खाली येईना. रविवारी डॉक्टरदादा विचारायचे, "किती आला?" बाबा डोळ्यांनी खुणावायचे आणि आई म्हणायची, "एकशे तीस, दादा."

"त्यांना तिकडे कशाला घोर?" बाबा नंतर हसायचे. "झाकली मूठ सव्वा लाखाची!"

मी आपला चरफडत पडून राहायचो.

एका सकाळी बाबांच्या हातून चहाचा कप निसटला. हाताला मुंग्या, डोकं गरगरतंय. आईने रुग्णवाहिका बोलवायची सोडून दादांना फोन लावला. परक्या भाषेत सांगणार तरी काय बिचारी!

"रविवारी किती होता?" दादांनी विचारलं.

आता खरं सांगायचं तरी कुठल्या तोंडाने? "एकशे तीस," ती म्हणाली.

"मग थकले असतील. जरा पडू दे."

बाबा पडले ते उठलेच नाहीत. त्यांची लेक घरी आली, तिने रुग्णवाहिका बोलावली, पण फार उशीर झाला होता.

मी कपाटात धूळ खात राहिलो. परवा लेकीने मला झटकून आईच्या दंडाला बांधलं. तेवढ्यात दादांचा फोन.

"तुझं किती आलं गं?"

"एकशे तीस, दादा."

लेकीने फोन हिसकावला. "मामा, एकशे नव्वद आहे! आई खोटं सांगतेय."

 पलीकडून अगदी हळू आवाज आला, "आणि तेव्हा... तुझ्या बाबांचा?"

आई खाली बघत मला दंडावरून सोडू लागली.

मित्रांनो, मला नीट घडी घालून ठेवलं नाही तरी चालेल. पण मी दाखवलेला आकडा आपल्या माणसाला जसाच्या तसा सांगा. लागला घोर तर लागू दे. घोराने आमच्या घरात कुणी गेलं नाही हो.