दहा टक्के औषध

"आजपासून या कारखान्यातून झीज हा शब्दच हद्दपार!" मोठ्या साहेबांनी टेबलावर मूठ आपटून जाहीर केलं. त्या दणक्याने टेबलाचा झिजलेला पाय निखळला आणि चहा थेट घोषणेच्या कागदावर सांडला.

कागद झटकत साहेबांनी नव्या तेलाची महती सांगितली. त्यात गंधकाचं औषध मिसळायचं होतं. डब्यावर दोन टक्के लिहिलं होतं. साहेबांनी दहा घालायला लावलं. थोडक्यात भागवणं त्यांच्या रक्तातच नव्हतं.

मशीन सांभाळणारे मिस्त्री पुढे झाले. गिअरचे दाते पाडायच्या मशीनच्या पोटात ब्राँझचं मोठं चाक होतं. बावीस वर्षं त्यांनी ते साध्या तेलावर जपलं होतं. त्या चाकातली केसभर चूकही प्रत्येक गिअरमध्ये उतरायची, आणि तसलं चाक आता कुणी घडवत नव्हतं.

"साहेब, हे औषध पोलादाला मानवतं. ब्राँझला खातं."

"मिस्त्री, काळाबरोबर चला जरा! पाळी सुटली की तेल ओता. हुकूम आहे."

मिस्त्रींनी वाद घातला नाही. वाटीभर नवं तेल घेतलं, तांब्याची पट्टी घासून लख्ख केली, तेलात बुडवली आणि वाटी भट्टीच्या कडेला ठेवून दिली. चार वाजता ती पट्टी साहेबांपुढे ठेवली. काळीकुट्ट.

"हा काय कोळसा?"

"तांबं आहे साहेब. ब्राँझमध्ये बहुतेक हेच असतं. सकाळी यात तोंड दिसत होतं."

साहेबांनी चष्मा वर केला. "हं. संरक्षक थर दिसतोय."

त्यांनी नखाने खरवडून पाहिलं. बोट काळं झालं, मग त्याच बोटाने खाजवलेलं नाकही.

"थर निघतोय की हो!"

"निघतो ना. जाताना चाकाला सोबत घेऊन जातो."

साहेबांनी रुमालाला बोट पुसलं. मग म्हणाले, "तेल ओतू नका. मी आता तेच सांगणार होतो."

"हो, साहेब," मिस्त्री गंभीरपणे म्हणाले. सुटलो एकदाचे, असं मनात म्हणत ते वळले, तेवढ्यात साहेबांनी उठून दार लावलं.

"मिस्त्री, पितळेतही तांबं असतं का हो?"

"असतं की. अर्ध्याहून जास्त."

साहेबांचा आवाज एकदम घरगुती झाला. "सासऱ्यांनी दिलेलं भिंतीवरचं घड्याळ आहे. आतली चाकं पितळेची. रविवारी मी त्यात हेच तेल सोडलंय. ही परवा माहेराहून येतेय... उद्या जरा येऊन बघता का?"