चुन्याच्या रेषेवरची लाल खुर्ची

मी प्रमुख पाहुण्यांची खुर्ची बोलतेय. हो, तीच! लाल मखमल, सोनेरी हात, पाठीवर नक्षीचा मोर. स्टेजवर मला मधोमध मांडायचे आणि बाकीच्यांना शेजारी लोखंडी खुर्च्या. थोडा तोरा होताच माझ्यात, आणि तो अजून सगळा गेलेला नाही.

माझा जन्म चौऱ्याऐंशी सालचा, उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातला. मला विकताना तिथला सिंधी शेठ बदलापूरच्या दिनानाथ मंडपवाल्याला म्हणाला, "साईं, इसपे चपरासी को बिठाओ, वो भी मिनिस्टर लगेगा!" दिनानाथला ते पटलं. मग काय, आज सत्कार, उद्या उद्घाटन. पाहुणे उशिरा यायचे, 'दोनच शब्द बोलतो' म्हणून तास खायचे आणि बसण्याआधी मागे हात फिरवून मी जागेवर आहे ना, ते चाचपून बघायचे. माणसाचा खुर्चीवर किती जीव असतो, ते मला विचारा.

अशात जनरलसाहेब भेटले. लेफ्टनंट जनरल शरदचंद्र चौबळ. एकाहत्तरच्या लढाईत पायात घुसलेला तोफगोळ्याचा तुकडा तसाच बाळगून त्यांनी पुढे कित्येक वर्षं फौज सांभाळली. निवृत्तीनंतर देशाच्या अ‍ॅथलेटिक्स संघटनेचे अध्यक्ष झाले, आपले धावपटू घेऊन देशोदेशी हिंडले आणि शेवटी बदलापूरच्या मांजर्लीत छोटंसं घर बांधून राहिले. एवढा मोठा माणूस आपल्यावर बसणार म्हणून मी नुसती फुलून गेले होते.

शहाऐंशी सालचा डिसेंबर. अंबरनाथच्या मैदानावर शालेय स्पर्धा होत्या. साहेब सकाळी सातला हजर, तेव्हा दिनानाथची माणसं अजून खांब ठोकत होती. स्पर्धेचे सेक्रेटरी विष्णुपंत धावत आले. "या साहेब, बसा ना."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. "छान आहे खुर्ची. पण माझं काम तिकडे आहे." आणि काठी टेकत गेले ते थेट शर्यत संपते त्या चुन्याच्या रेषेपाशी. दुपारपर्यंत तिथेच उन्हात उभे! असा राग आला म्हणून सांगू मला.

शेवटची शर्यत मुलींची, शंभर मीटरची. पहिली येणारी पुण्याच्या शिबिराला जाणार होती. एमआयडीसीतल्या एका मॅनेजरची मुलगी मीनल माझ्या बाजूच्या लेनमध्ये होती, आणि अगदी पलीकडे अनवाणी काशी. काशीचा बाप हरिचंद्र माझ्या मागेच उभा होता. सकाळीच त्याने पोरीला बजावलं होतं, "पैली आली तं धाडीन पुन्याला. नाय तं शाला बंद, उद्यापासून भात झोडाला चल."

पोरी सुटल्या. शेवटी दोघी जवळजवळ बरोबरच आल्या, पण मीनल हातभर पुढे होती. मी डोळ्यांनी बघितलं. विष्णुपंतांनीही बघितलं आणि माइकवर मीनलचं नाव पुकारून टाकलं. हरिचंद्र खांद्यावरचा टॉवेल झटकून निघाला.

"थांबा!" रेषेवरून आवाज आला. माइक नव्हता, तरी तो मैदानभर पोचला. "काशी पहिली आहे."

"साहेब, स्टेजवरून आम्ही सगळ्यांनी बघितलं," विष्णुपंत चाचरत म्हणाले.

"तिथेच तर चूक झाली." साहेबांनी दोघी पोरींना आपापल्या लेनमध्ये रेषेला पाय लावून उभं केलं. "आता सांगा, पुढे कोण?"

विष्णुपंतांनी माझ्या शेजारून बघितलं. "मीनल."

"आता इथे या."

विष्णुपंत रेषेवर गेले, वाकून बघितलं, आणि त्यांचा चेहरा उतरला. दोघी अगदी बरोबरीत उभ्या होत्या.

"स्टेज रेषेच्या अलीकडे, तिरकं आहे," साहेब शांतपणे म्हणाले. "तिथून बघितलं की स्टेजजवळची मुलगी पुढेच दिसते. म्हणून मी खुर्चीत बसत नाही, विष्णुपंत."

मीनलनेच मान डोलावली. "काशीच पुढे होती, सर. मला तिची पाठ दिसली." हरिचंद्र परत आला, लेकीसमोर उभा राहिला आणि त्याला रडूच फुटलं. मी मात्र शरमेने लाल झाले. होते त्याहून लाल.

काशी पुण्याला गेली, खूप धावली, आणि अंबरनाथच्याच शाळेत खेळाची बाई होऊन परतली. सत्त्याण्णवच्या स्पर्धेला तिने साहेबांना बोलावलं, तर त्यांनी निरोप धाडला, 'पाय उभं राहू देत नाही. बसून मी निकाल देणार नाही. येत नाही.'

काशीबाईंनी मला स्टेजवरून उचललं, डोक्यावर घेतलं आणि चुन्याच्या रेषेवर नेऊन ठेवलं. दिनानाथ ओरडला, "अहो बाई, मखमल खराब होईल!" "होऊ दे," म्हणाल्या, आणि स्वतः रिक्षा घेऊन मांजर्लीला गेल्या.

साहेब आले. मला बघून हसले. "हिची बदली केलीस होय?" आणि बसले. किती हलके झाले होते! पाठ मात्र एकदाही टेकली नाही. त्या दिवशी मी पहिल्यांदा शर्यत सरळ बघितली.

दोन वर्षांनी साहेब गेले. दिनानाथने मला काशीबाईंच्या हवाली केलं. आता मी शाळेच्या खेळाच्या खोलीत असते. मखमल विरली आहे, मोराची मान तुटली आहे, पायांना चुना लागला आहे तो मी पुसू देत नाही. एकच विनवणी आहे. स्पर्धा भरवाल तेव्हा मला स्टेजवर चढवू नका. रेषेवर ठेवा. बसायला कुणी नसलं तरी चालेल.