सतरंजीची गाठ

मित्रांनो, मी एक जुनी सतरंजी आहे आणि माझ्या मधोमध एक गाठ आहे. ती मी कुणासाठी राखून ठेवली होती, तेच आज सांगते.

माझं सूत सेलूच्या कापसाचं. नवी होते तेव्हा पाहुणे माझ्यावर बसायला कचरत. पुढे उंदरानं मला कुरतडलं. घरची धाकटी सून ईश्वरी हिनं दुखऱ्या बोटांनी मला रफू केलं, तेव्हा बोराच्या आठळीएवढी गाठ राहिली.

ईश्वरीचं सारं अंग ठणकायचं. तपासण्या मात्र सगळ्या चांगल्या आल्या. मग काय, थोरली जाऊ राजेश्री हिला रान मोकळं मिळालं! आमच्या गल्लीत उन्हाळ्यात बाया पोळपाट-लाटणं घेऊन एकमेकींकडे पापड लाटायला जातात. जरा बरं वाटलं की ईश्वरी राहिलेलं भरून काढायला ढीगभर लाटायची आणि दुसऱ्या दिवशी अंथरूण धरायची. राजेश्री माझ्यावरच मांडी ठोकून सांगायची, "काल तर लाटायली होती, आज दुखायलंय म्हणं! समदं सोंग हाय." बाया हसायच्या. अखेर ईश्वरीच्या पापडांना कुणीच आलं नाही. तिनं भिजवलेलं उडदाचं पीठ वाया गेलं. बळ असतं तर त्या दिवशी मी राजेश्रीला गुंडाळून माळ्यावर फेकलं असतं.

परभणीच्या डॉक्टरीणबाईंनी आजाराचं नाव सांगितलं, फायब्रोमायल्जिया. "दुखणं खरंच आहे, तुमच्या नसा जरा जास्त ओरडतात. त्यांना शांत करायला शिकू," असं त्या म्हणाल्याचं ईश्वरीनं घरी येऊन रडत रडत सांगितलं. तेव्हापासून ती रोज माझ्यावर निजते, पोटावर हात ठेवून सावकाश श्वास सोडते, एकेक अंग सैल करते. कामही ठणका लागायच्या आत थांबवते. दुखणं गेलेलं नाही, पण त्याची दादागिरी कमी झाली.

यंदा राजेश्रीचीच पाठ धरली. एक्स-रेच्या फोटोत काहीच निघालं नाही. मी मनातल्या मनात नाचले! तिच्या पापडांना मलाच अंथरलं होतं. तिला लाटणं धरवेना, तशा बाया हसू लागल्या, "रिपोर्ट तर चांगले हायत म्हणं!"

राजेश्री हळूच ईश्वरीला म्हणाली, "मला बी शिकव की तुझं ते श्वासाचं."

ईश्वरीनं लाटणं खाली ठेवलं. "शिकवते ताई. पण आधी समद्यांपुढं सांगा, माझं दुखणं खरं हाय का सोंग?"

सगळी लाटणी थांबली.

"खरं हाय," राजेश्री म्हणाली. "चुकलं माझं."

"निजा आता."

ती निजली, आणि माझी गाठ नेमकी तिच्या दुखऱ्या जागेखाली आली. मी तसूभरही हलले नाही.

"आई गं!"

"दुखायलंय ना?" ईश्वरीनं विचारलं. आणि जरा थांबूनच मला बाजूला ओढलं. मी तिच्या जागी असते तर ओढलं नसतं.

मित्रांनो, मला अधूनमधून ऊन दाखवा, झटकून नीट घडी घाला. आणि कुणी दुखतंय म्हणालं तर आधी खरं माना. माझी गाठ अजून पक्की आहे, आणि बसायला तुम्ही येणारच आहात.