साळव्यांच्या घरचं बारावं नाव

“सगळ्यांना एका रांगेत उभं करा बाई, आणि मोजून होईपर्यंत कोणी हलायचं नाही,” रेशनिंगचे इन्स्पेक्टर म्हणाले आणि टोपी काढून त्यांनी गुडघ्यावर ठेवली.

रविवारची सकाळ. ठाण्याच्या कोपरीतल्या त्या बैठ्या चाळीत गोदूबाई साळवींकडे आंघोळींची गर्दी उसळली होती. थोरली नीला एकेकाला मोरीत ओढून डोक्यावर पाणी ओतत होती, पोपट धाकट्यांची डोकी पुशीत होता. निम्मी पोरं ओली, निम्मी कोरडी, एकाच्या कानात अजून साबण. तशीच सगळी बाहेरच्या पडवीत येऊन उंचीप्रमाणे उभी राहिली. शाळेत कवायत करून सवय होती. आणि अंगावर सगळ्यांच्या एकाच निळ्या रेघांचं कापड. दिवाळीला सहदेव साळवी एक अख्खा तागाच उचलून आणत. त्यातून मुलांचे सदरे निघत, मुलींची परकर-पोलकी निघत, आणि उरलेल्या चिंध्यांतून तान्हीची झबली. चाळीतले लोक त्यांना ‘बँडपथक’ म्हणत. गोदूबाईंना त्याचा राग येत नसे. उलट गर्दीत पोरं हरवत नाहीत, हा त्यातला फायदाच.

“तुमच्याविरुद्ध निनावी अर्ज आलाय,” इन्स्पेक्टर म्हणाले. “मिठागरातला मापारी, एकट्याचा पगार. अकरा मुलं त्यात जगतीलच कशी? निम्मी नावं खोटी आहेत, असं लिहिलंय.”

“जगतात तर!” गोदूबाई म्हणाल्या. “ही काय तुमच्यापुढं उभी आहेत.”

कशी जगतात ते मात्र त्यांना कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. जेवणाच्या दोन पंगती बसत. पहिल्या पंगतीत धाकटी, दुसरीत थोरली, आणि मग त्या स्वतः. दूध फक्त तान्ह्या तुळसाला. शाळेचं पुस्तक नीलाचं पोपटकडे, पोपटचं पाठच्या भावंडांकडे असं उतरत उत्तरापर्यंत जाई, आणि पहिल्या पानावर एकाखाली एक नावं खोडून खोडून जागा उरत नसे. रेशनच्या लाल मायलो ज्वारीच्या भाकऱ्या थापताना दुपार होई. तरी ‘आपल्याला कमी आहे’ असं त्यांच्या मनात सहसा येत नसे. संध्याकाळी सगळी घरात आली, चपला-बिपला नसलेले ते सगळे पाय धुऊन झाले, की त्यांना आपलं भरलं घर बघून उगाच हसू येई.

इन्स्पेक्टरांनी बोट पुढं करून मोजायला सुरुवात केली. शेवटी वळून नीलाच्या कडेवरच्या तुळसापाशी येऊन ते थांबले. पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

“बारा?”

त्यांनी हातातलं रेशनकार्ड उघडून पाहिलं.

“कार्डावर मुलं अकरा, आणि इथं बारा?” त्यांचा आवाज चढला. “म्हणजे शेजारची पोरं उसनी आणून उभी केलीत तर! घाईत एक जास्त आलं.”

“आमची आम्हाला पुरे आहेत हो साहेब!” समोरच्या दारातून हौसाबाई ओरडल्या. चाळीत हशा पिकला, पण इन्स्पेक्टर हसले नाहीत.

“बाई, सरळ विचारतो. यातलं तुमचं नसलेलं मूल कोणतं? ते बाजूला करा. नाही तर कार्ड मी आत्ता जप्त करतो आणि चौकशी होईपर्यंत दाणा मिळणार नाही.”

गोदूबाईंनी रांगेकडे पाहिलं. रांगेत सातवी, उत्तराच्या शेजारी, सगुणा उभी होती. नऊ वर्षांची, सावळी, केस अजून ठिबकत होते. ती मिठागरातल्या काळुराम भोईराची मुलगी. आई ती लहान असतानाच गेलेली. मागच्या वर्षी काळुराम तापानं चार दिवसांत गेला, आणि पाचव्या दिवशी सहदेव तिला हाताला धरून घेऊन आले. “अकरा आहेत, त्यात एक,” एवढंच ते म्हणाले होते. गोदूबाईंनी त्याच ताग्यातलं परकर-पोलकं तिच्या मापाचं केलं, आणि विषय तिथंच संपला होता.

आता नुसतं बोट दाखवायचं होतं. ही आमची नाही, एवढे तीन शब्द. अकरा जणांचा दाणा सुटला असता. पोर मान खाली घालून पायाच्या अंगठ्याकडे बघत उभी होती. तिला सगळं समजत होतं.

“सगळी माझीच आहेत,” गोदूबाई म्हणाल्या.

“बरं,” इन्स्पेक्टरांनी पेन उघडलं. “मग प्रत्येकानं आपलं पूर्ण नाव सांगायचं. आईनं मधे बोलायचं नाही.”

“नीला सहदेव साळवी.”

“पोपट सहदेव साळवी.”

पोरं पाठ केल्यासारखी बोलत होती आणि इन्स्पेक्टर कार्डावर खुणा करीत होते. उत्तरानं आपलं नाव सांगितलं आणि कोपरानं सगुणाला हळूच ढोसलं. “साळवी सांग,” ती पुटपुटली. ते गोदूबाईंना ऐकू आलं. त्यांनी पदर मुठीत आवळून धरला. खोटं बोल, असं आपल्या पोरांना त्यांनी कधी शिकवलं नव्हतं. पण त्या क्षणी त्यांना वाटलं, सांग बाई, एवढं सांगून टाक.

“सगुणा काळुराम भोईर,” पोर स्पष्ट म्हणाली.

“आता कसं!” इन्स्पेक्टर उठूनच उभे राहिले.

तेवढ्यात खांद्यावर भुश्शाचं पोतं घेऊन सहदेव साळवी चाळीत शिरले. लाकडाच्या वखारीतून शेगडीसाठी भुस्सा आणायला ते गेले होते. रांग पाहिली, इन्स्पेक्टर पाहिले, आणि पोतं उतरवून त्यांनी अंगावरचा भुस्सा झटकला.

“साहेब, ती माझ्याकडंच राहते. वर्ष झालं. बाप आमच्या मिठागरात होता.”

“मग कार्डावर नाव का नाही? वर्षभर लपवलंत का?”

“मी गेलेलो ऑफिसात. तिथले कारकून म्हणाले, नात्याची नाही ना, मग नोकर म्हणून लिहा. नोकर म्हणून लिहिता येतं.” सहदेवांनी पोतं भिंतीला टेकवलं. “मी फॉर्म तसाच परत आणला.”

“का?”

“नऊ वर्षांची पोर साहेब. नोकर कशी लिहू?”

“आणि मग तिचं खाणं?”

“आमच्यातच. तेरा जणांचा शिधा चौदा जणांत. कळत नाही फारसं.”

इन्स्पेक्टर पुन्हा खाली बसले. बराच वेळ कार्ड उलटंसुलटं करीत राहिले. लोक कार्डावर मेलेली माणसं जिवंत ठेवतात, परगावची पाहुणी मंडळी कायमची घुसवतात. तेच पकडत ते गावभर हिंडत होते. जिवंत माणूस कार्डाबाहेर ठेवून त्याला घरात जेवू घालणारा इसम त्यांना बहुधा पहिल्यांदाच भेटला होता.

“नाव घालून घेतो मी,” ते अखेर म्हणाले. “पण नात्याच्या रकान्यात काहीतरी लिहावं लागेल. काय लिहू?”

“मुलगी लिहा,” गोदूबाई म्हणाल्या.

“अहो बाई, आडनाव भोईर, बापाचं नाव वेगळं. वर साळवी. मुलगी कसं लिहू?”

“आडनावाचं काय मोठं?” गोदूबाईंचा आवाज आता मोकळा झाला होता. “आमच्या नीलाचं यंदा-पुढच्या साली लग्न होईल. तिचंही आडनाव दुसरं होईल. मग ती काय माझी मुलगी राहायची नाही?”

इन्स्पेक्टरांनी तोंडावरून हात फिरवला. मग मान खाली घालून त्यांनी ‘मुलगी’ लिहिलं, सही केली, आणि चहा न घेताच ते निघाले. जाताना रांगेकडे वळून एवढंच म्हणाले, “आता हला.”

रांग एकदम फुटली. निम्म्या आंघोळी राहिल्याच.

दुपारी दोन्ही पंगती उरकल्यावर गोदूबाई सूप घेऊन दाणे निवडायला बसल्या. सगुणा आपणहून शेजारी येऊन खडे वेचू लागली. गोदूबाईंच्या मनात एक बारीक कुसळ सकाळपासून राहून गेलं होतं.

“उत्तरा तुला सांगत होती ना गं? साळवी का नाही म्हणालीस? आम्ही काय रागावलो असतो?”

पोरीनं वर पाहिलं नाही.

“काकांचा नाव घेवाला अकरा जना हान, काकी,” ती म्हणाली. “माज्या बापसाचा नाव घेवाला मी एकलीच हाय.”

गोदूबाईंचे हात सुपातच राहिले. कुसळ होतं ते कुठल्या कुठे गेलं, आणि त्या जागी दुसरंच काही भरून आलं. त्यांनी डोळे पुसले नाहीत. पोरीला कळलं असतं.

उंबऱ्यावर सहदेव विडी ओढत बसले होते. त्यांनी ती विझवली.

“तुझ्या बापानं घातलेला बांध पाहिलायस का गं?” त्यांनी आतल्या बाजूला न बघता विचारलं. “खाडीकडचा? केवढ्या भरत्या आल्या, पण तो कधी फुटला नाही. आमचे शेटसुद्धा त्याला काळूचा बांध म्हणतात.”

“नाय पायला,” सगुणा म्हणाली. “कंचा तो?”

“चल, दाखवतो.”

सहदेव उठले तशी घरातून धावाधाव झाली. आम्ही पण, बाबा, आम्ही पण! चार-पाच जण दारात आलेसुद्धा. गोदूबाईंनी हात आडवा घातला.

“कोणी जायचं नाही. आज ती एकटीच जाईल.”

पोरं आश्चर्यानं बघत राहिली. त्या घरात बाबांबरोबर एकट्यानं कुठं जायला आजवर कोणालाच मिळालं नव्हतं, नीलालासुद्धा नाही. मिठागरांच्या वाटेवर ऊन पांढरं पडलं होतं. सहदेव नेहमीसारखे लांब टांगा टाकत निघाले, मग थांबले, आणि पोरीच्या पावलांनी चालू लागले.