सहा ओळींचा फळा

चाकणला जाणाऱ्या कंपनीच्या गाड्या संघमित्रानगरच्या ज्या कोपऱ्यावर थांबतात, तिथल्या भिंतीवर मी असतो. मी बातम्यांचा फळा. एरवी बोलायचं काम माझ्या अंगावर लिहिणाऱ्याचं. माझं काम गप्प राहून काळं दिसायचं. पण गेल्या वर्षभरात माझ्यासमोर असं काही घडलं, की आता मलाच राहवत नाही.

माझा जन्म तसा परदेशी म्हणायला हवा. चाकणच्या एका कंपनीत बाहेरून मोठं मशीन आलं, त्याच्या लाकडी पेटीचं मी झाकण. मशीनला हार घातले, नारळ फोडला आणि पेटी भंगाराच्या ढिगात गेली. बुद्धरत्न ओव्हाळ तिथं टर्नर होते. त्यांनी सुपरवायझरला विचारून मला मागून घेतलं, टेम्पोतून घरी आणलं, रंधा मारला, काळ्या रंगाचे तीन हात दिले. त्यांच्या बायकोला वाटलं, घरात दिवाण येतोय. निघाला फळा!

ओव्हाळ पहाटे उठायचे, पेपरवाल्याकडून तीन पेपर आणायचे आणि गाडी यायच्या आत माझ्यावर सहा ओळी लिहायचे. जगाची एक, देशाची एक, कारखान्यांच्या पट्ट्यातल्या दोन आणि वस्तीच्या दोन. सातवी ओळ कधीच नाही. "जास्त लिहिलं की माणूस पहिलं विसरतो," म्हणायचे. फर्स्ट शिफ्टची माणसं डबा काखेत मारून माझ्यासमोर उभी राहायची. वाचता वाचता वाद घालायची आणि वाद तसाच तोंडात घेऊन गाडीत चढायची.

माझ्या शेजारी अंबूबाईंची भाजीची हातगाडी. बीडकडच्या त्या, नवऱ्याबरोबर, रंगरावांबरोबर, इकडे आल्या. त्यांना वाचता येत नव्हतं. पण बातमी त्यांना सगळ्यांच्या आधी हवी असायची.

"वाचा की जरा मोठ्यानं! मनातल्या मनात वाचून काय दाबून ठेवायचंय का?" असा हुकूम सोडायच्या, आणि रांगेतला कुणीतरी मुकाट्यानं मोठ्यानं वाचायला लागायचा.

एकदा त्यांची नात स्वरूपा दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाली. ओव्हाळांनी सहाव्या ओळीत लिहिलं, 'अंबूबाईंची नात स्वरूपा हिचे अभिनंदन.' बाईंनी ते तीनदा वाचून घेतलं. मग माझ्याजवळ येऊन हळूच विचारलं, "भाऊ, ह्यात माझं नाव कंचं?"

ओव्हाळांनी बोट ठेवून दाखवलं. बाई बघतच राहिल्या. "एवढंसंच व्हय?" म्हणाल्या. "मला वाटलं, लई मोठं असंल."

त्या दिवसापासून त्यांनी माझी अक्षरं वेचायला सुरुवात केली. आज 'अ', उद्या 'ब'. गिऱ्हाईक नसलं की पाटीवरच्या शिळ्या मेथीकडे पाहावं तसं माझ्याकडे डोळे बारीक करून पाहायच्या. दोन वर्षांत त्या एकेक शब्द जोडून वाचायला लागल्या. वाचताना ओठ हलायचे आणि ओळ संपली की कपाळावरचा घाम पुसायच्या.

मग फोन आले. ओव्हाळांची मुलगी मिनल हिंजवडीला कामाला लागली होती. लॉकडाऊनमध्ये तिनं वस्तीचा एक ग्रुप काढला. कुणाला औषध हवंय, कुणाला डबा हवाय, सगळं त्यावर. त्या ग्रुपनं खूप माणसांना सांभाळलं, हे मी खोटं कशाला सांगू? मी तेव्हा भिंतीवर रिकामा होतो आणि रस्त्यावर कुत्रं नव्हतं. पण रोग गेला तरी ग्रुप राहिला. बातम्या, विनोद, सुप्रभाताची फुलं, कुठल्या कुठल्या गावातले व्हिडिओ, सगळं सकाळी सहालाच हातात यायला लागलं. रांग माझ्यासमोरच उभी असायची, पण माना खाली. मोठ्यानं वाचणारा तर उरलाच नाही.

ओव्हाळ रिटायर झाले होते, तरी रोज यायचे. घरी मिनलशी धुसफूस चालायची, हे त्यांच्या खडूवरून मला कळायचं. भांडण झालं की खडू मोडायचा.

एके दिवशी त्यांनी एक गंमत केली. कालच्या सहा ओळी पुसल्याच नाहीत. वर फक्त तारीख बदलली आणि बाजूला उभे राहिले. पहिली गाडी गेली. दुसरी गेली. कुणाच्या काही लक्षात आलं नाही. त्यांचा चेहरा उतरत गेला.

तेवढ्यात हातगाडीमागून आवाज आला, "ओ भाऊ! हे तर मी काल वाचलंय!"

ओव्हाळ हसले, पण डोळे भरून आले. "अंबूबाई, आता एकट्या तुमच्यासाठीच लिहितोय मी. उद्यापासून बंद करतो."

"बंद?" बाई कंबरेवर हात ठेवून पुढं आल्या. "मग मी काय वाचू? त्या फोनवर लेकरं भराभरा वर सरकवत्यात. माझं एक अक्षर लागस्तवर दहा पुढं पळत्यात. तुमचा फळा जाग्यावर उभा राहतो, म्हणून मला वाचाया येतंय!"

अर्ध्या तासानं मिनल कॅबची वाट बघत कोपऱ्यावर आली, तेव्हा बाईंनी तिला गाठलंच. "मिनल, तुझ्या बापाचा फळा तुझ्या फोननं गिळलाय. आता तूच बाहीर काढ."

मिनलनं मान वर केली. तिनं माझ्याकडे पाहिलं. किती वर्षांनी पाहिलं असेल! मग फोन वर केला आणि माझा फोटो काढून ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'कालच्याच बातम्या आहेत. पप्पांनी मुद्दाम ठेवल्यात. कुणाकुणाच्या लक्षात आलं?'

ग्रुपवर आधी हशा, मग थोडी शरम. एकानं विचारलं, 'फळा अजून आहे?' तो रोज माझ्यासमोरून गाडीत चढायचा!

दुसऱ्या दिवसापासून मिनल रोज माझा फोटो टाकू लागली. जी कुटुंबं चऱ्होलीच्या नव्या इमारतींत राहायला गेली होती, ती म्हणाली, 'आमच्याकडेही पाठव.' शंभर संदेशांच्या गर्दीत या सहा ओळी लोकांना बऱ्या वाटायला लागल्या. वाचून संपायच्या ना! फोटोला उशीर झाला तर विचारणा व्हायची, 'फळा उठला नाही का आज?'

फोननं मलाही धडा शिकवला. ओव्हाळांनी एकदा लिहिलं, 'गुरुवारी पाणी येणार नाही.' पेपरातली बातमी भलत्याच भागाची होती. त्यांची नजर चुकली. पूर्वी असं चुकीचं वाक्य दिवसभर माझ्या अंगावर राहायचं आणि बायाबापड्या हंडे भरून ठेवायच्या. आता दहा मिनिटांत चौदा जणांनी चूक कळवली. ओव्हाळ तसेच स्लीपर घालून धावत आले, ओळ पुसली आणि तिथं लिहिलं, 'पाणी येणार. चूक माझी. — बु. ओव्हाळ.' त्या ओळीला जेवढ्या टाळ्या मिळाल्या, तेवढ्या बरोबर बातमीला कधी मिळाल्या नव्हत्या.

नजर चुकली, त्याचं कारणही कळलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी सांगितलं, धूळ नको, खडू तर नकोच. मी पुन्हा रिकामा. मिनल म्हणाली, "मी फोनवरच फळ्यासारखं चित्र करून टाकते. काळ्यावर पांढरं."

"आन् खराखुरा फळा मोकळा?" अंबूबाईंनी विचारलं. "दे तो खडू इकडं."

त्यांनी टोमॅटोचं रिकामं क्रेट उलटं घातलं आणि वर चढल्या. पहिलं अक्षर लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. गाडी आली. ड्रायव्हरनं हॉर्न दिला, पण रांग हलेना. सगळे त्यांच्या हाताकडे बघत होते. "बाई, वेलांटी पहिली हवी," कुणीतरी मागून म्हणालं. "माझी माझ्या पद्धतीची हाय!" बाईंनी मागं न बघता सुनावलं.

एवढ्या कष्टानं एकच ओळ झाली. डोंगर उतरावा तशी खाली खाली घसरत गेलेली:

'ओवाळ भावचा डोळा बरा हाय. मी लीवलय. अंबूबाई.'

मिनलनं फोटो काढून ग्रुपवर टाकला. ओव्हाळांनी तो घरी गॉगल वर करून, बोटांनी मोठा करून करून पाहिला. लगेच ग्रुपवर त्यांचा आवाज आला, "एक अक्षर कुणी सुधारायचं नाही. आणि पुसायचं तर अजिबात नाही."

मी भिंतीला खिळलेला. माझ्या नशिबी हा एवढा कोपरा. पण ती ओळ दुपारपर्यंत नागपूरला पोचली. स्वरूपा तिथं शिकते. तिचा व्हिडिओ कॉल आला. रडत की हसत, काही कळत नव्हतं.

"आजी, हे तू लिहिलंस?"

"मग कोन? खाली नाव हाय की माझं. वाचता येत न्हाई का तुला?"

वस्तीतल्या आणखी चार बायका आता दुपारी माझ्यासमोर बसतात. अंबूबाई त्यांना अक्षरं दाखवतात, आणि बाईंना अडलं की तो शब्द फोनसमोर बोलून फोनलाच लिहायला लावतात, मग ते बघून माझ्यावर उतरवतात. फोनची आणि माझी अशी दोस्ती होईल, हे मला कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो.

परवा ओव्हाळ काळा गॉगल लावून, नवा खडू घेऊन ऐटीत आले. पाहतात तर पाच ओळी आधीच भरलेल्या. वाकड्या, तिरक्या, पाच हातांच्या. कुणाची म्हैस व्यालेली, कुणाची सून नोकरीला लागलेली, एक बातमी थेट चंद्रावरची.

"अहो, मला काही जागा ठेवाल की नाही?"

"खाली एक ओळ मोकळी हाय," अंबूबाई म्हणाल्या. "उद्यापासनं लवकर येत चला."

ओव्हाळ गुडघ्यावर बसले आणि लिहू लागले. इतकं नीट अक्षर त्यांनी माझ्यावर यापूर्वी कधी काढलं नव्हतं.

तुमच्याजवळ एखादी खरी बातमी असेल तर तुम्हीही या. खडू खिळ्याला अडकवलेल्या डबीत आहे. नाव मात्र खाली लिहा.