बाळाच्या श्वासाखालची रेघ

मित्रांनो, मी एक जुनी आडवी रेघ आहे. संगणकावर आवाजाचं चित्र काढतात, त्याच्या तळाशी माझी जागा. वर पिवळे-जांभळे पट्टे चमकतात. डावीकडे माझी जाऊबाई ताठ उभी राहून आवाज चढा की खालचा ते सांगते. कोणता आवाज कितव्या सेकंदाला झाला ते मी सांगते. कौतुक मात्र सगळं रंगांचं, माझ्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही.

मला घडवलं या लहान मुलांच्या दवाखान्यातल्या यंत्रं सांभाळणाऱ्या बाईंनी. संगणकाला सेकंद कळत नाहीत. माइक आवाजाचे बारीक तुकडे करतो, तेवढे त्याला मोजता येतात. एका सेकंदाचे तुकडे किती, हे आपण सांगायचं. तेव्हाचा माइक बत्तीस हजार करायचा. बाईंनी तो आकडा लिहिला, घड्याळ समोर ठेवलं आणि माइकपुढे टाळ्या वाजवल्या. शेवटची टाळी तिसाव्या सेकंदाला पडली, मीही तीसच दाखवले. मगच त्यांनी मला कामाला लावलं. नऊ वर्षं मी इमानेइतबारे राबले.

बाई निवृत्त झाल्या आणि एक प्रोग्रामर आला. त्याच्या कपात बुरशी, कीबोर्डात बिस्किटांचा चुरा. पण त्याहून किळस आली ती त्याच्या कामाची. नवा माइक आला होता, तो सेकंदाचे सोळा हजारच तुकडे करायचा. या पठ्ठ्याने बाईंच्या जुन्या प्रोग्रामच्या ओळी जशाच्या तशा उचलून नव्या प्रोग्राममध्ये चिकटवल्या, बत्तीस हजारांच्या आकड्यासकट. टाळ्या वाजवून बघायचं का, असं नर्सने विचारलं तर म्हणाला, त्या पोरखेळाला वेळ नाही. रंग निवडायला मात्र दोन दिवस घेतले. तेव्हापासून मी खऱ्या सेकंदाला अर्धा सेकंद म्हणू लागले. शी! माझ्याच तोंडून खोटं, आणि मला गप्प बसायची सोय नाही.

मग तीन महिन्यांची एक मुलगी आली. झोपेत तिचा श्वास थांबतो, अशी आईची तक्रार होती. दुपारी बाळ झोपल्यावर जवळ माइक ठेवला. चित्रात मध्येच काळी पोकळी आली, तिच्याखाली मी अकरा सेकंद दाखवले. वीस झाले असते तर डॉक्टरांनी तिला ठेवून घेतलं असतं. अकराच आहेत, घरी न्या, असं त्यांनी मायेने सांगितलं.

आईने पिशवी भरली, पण पाय निघेना. "डॉक्टर, मघाशी मी तिच्या छातीवर हात ठेवून मोजलंय. बावीस झाले."

प्रोग्रामर हसला. आईचा जीव, भराभर मोजलं असेल, म्हणाला. मला त्याची शिसारी आली, आणि त्याच्याहून जास्त माझी स्वतःची.

डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं आणि आईला तसंच पुन्हा मोजायला सांगितलं. तिचे बावीस झाले तेव्हा घड्याळात तेवीस सेकंद झाले होते. मग त्या प्रोग्रामरकडे वळल्या. "माइक लावा. एक टाळी वाजवा, आणि मी सांगेन तेव्हा दुसरी."

दोन टाळ्यांमध्ये दहा सेकंद गेले. मी पाच दाखवले.

बाळाला ठेवून घेतलं. संध्याकाळ व्हायच्या आत श्वास पुन्हा थांबला, पण नर्स शेजारीच होती. तिने तळपाय चोळले तशी पोर रडायला लागली. घरी जाताना वाटेत हे झालं असतं तर, हा विचार मला अजून सोडत नाही.

प्रोग्रामरने आकडा बदलला. एवढीशी तर चूक, म्हणत चहा प्यायला गेला. त्याच कपात!

बाळ बरं होऊन घरी निघालं त्या दिवशी आई माझ्यापाशी आली. पडद्यावरच्या त्या दुपारच्या चित्रातल्या रंगांकडे तिने पाहिलंही नाही. माझ्यावर बोट ठेवून ती हळूहळू सरकवत गेली, ओठांतल्या ओठांत मोजत, बावीसपर्यंत. इतक्या वर्षांत मला असं कुणी वाचलं नव्हतं.

मित्रांनो, दुसऱ्याचा आकडा उचलाल तेव्हा आधी टाळी वाजवून बघा. हात झिजत नाहीत.