चिकटी आली कुठून

बिंदू क्रमांक: १७
तणाचे नाव: छापील नाव दोन ओळींचं आहे. आम्ही सगळे चिकटी म्हणतो.
आढळले / आढळले नाही: नाही.

‘नाही’ ही सुद्धा नोंदच असते. बावीस वर्षं मी बहुतेक ‘नाही’च लिहीत आलोय. सकाळी खात्याची जीप मला पहिल्या दगडापाशी सोडते, संध्याकाळी शेवटच्या दगडापाशी उचलते, मधे मी चालतो. शंभर पावलं झाली की थांबायचं, एक मीटर बाय एक मीटरची लाकडी चौकट जमिनीवर टाकायची आणि तिच्यात वाकून बघायचं. गवत. गवत. मुंगी. गवत. लिहायचं: नाही. अकराच्या सुमाराला डोळ्यांत सगळं एकच हिरवं होतं आणि वाटतं, आपण चालतच नाही. कुणीतरी पलीकडच्या टोकाला बसून जमीनच ओढून घेतंय, सतरंजी ओढावी तशी, सावकाश.

बिंदू १८: नाही.
बिंदू १९: नाही. कुत्रं.

एकोणिसाव्या दगडावर एक पिवळं कुत्रं बसलेलं असतं. त्याचं आणि माझं पहिल्या दिवसापासून जमलं नाही. म्हणून मी तिथून ओढ्याकडे उतरतो, पाण्याच्या कडेने मोठा वळसा घेतो आणि विसाव्या दगडाशी वर येतो. हा वळसा कुठल्याही नोंदीत नाही. तो मला आणि कुत्र्याला माहीत आहे.

बिंदू २०: (इथे पान कोरं आहे, कारण इथपर्यंत आलो आणि नकाशेवाल्या बाईंचा फोन आला.)

“भाऊ, आज लवकर या. गंमत दाखवायची आहे.”

नकाशेवाल्या बाई खात्याच्या मागच्या खोलीत बसतात. खिडकीवर जुना नकाशा पडद्यासारखा लावलेला असतो, ऊन त्यातून गाळून येतं. त्यामुळे दुपारभर बाईंच्या गालावर नद्या असतात. त्यांनी मला खुर्ची दिली आणि संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला.

“दोन वर्षांत लोकांनी चिकटी जिथे जिथे कळवली ते सगळे ठिपके मी तारखेप्रमाणे लावलेत. आता बघा हं.”

पडदा काळा होता. मग धरणाजवळ एक ठिपका उगवला, हिरवा. त्याच्याजवळ दुसरा. मग सावकाश, कुणी अंधारात काडीपेटी घेऊन चालावं तसे, एकामागून एक. रस्त्याला धरून गेले, पुलावरून पलीकडे गेले, चहाच्या टपरीपाशी घोळका करून थांबले, पुन्हा निघाले. मला झोप येत असल्यासारखं झालं. हे मी पाहिलेलं आहे, असं वाटत राहिलं. कुठे, ते आठवेना.

“जनावर असणार,” बाई म्हणाल्या. “बियांना दोन आकडे असतात ना, केसांत अडकत असतील. पण कसलं जनावर ते कळत नाही. हे पुलावरून जातं, टपरीवर थांबतं. आणि इथे बघा, काय कारण नसताना ओढ्यात उतरून वळसा घेतं.”

मी वळसा पाहिला.

माणूस स्वतःला पाठमोरा कधी बघत नाही. त्या पडद्यावर मला माझीच पाठ दिसली. जरा वाकलेली, ओढ्याच्या कडेने कुत्र्याला चुकवत चाललेली, आणि प्रत्येक पावलातून एक हिरवं पान वर येत होतं.

“आणि हा शेवटचा. कालच फोटो आला. हा तर कुठल्याच रांगेत बसत नाही.” बाईंनी पेन्सिलीचं टोक ठेवलं. “एका रोपवाटिकेचं फाटक. उद्या तुम्हीच जाऊन या, भाऊ.”

कार्यपद्धती (पुस्तिकेतून, मला पाठ आहे):
प्रत्येक बिंदूनंतर बुटांचे तळ, शिवणी व मोजे ताठ ब्रशने झाडावेत. झाडलेले सर्व पाकिटात बंद करावे.

नव्या माणसांना हे मीच शिकवतो. ब्रश हातात धरून दाखवतो. लोका सांगे ब्रह्मज्ञान. तो ब्रश माझ्या पिशवीत आहे, नवाकोरा, त्याचा एक केस वाकलेला नाही.

फाटकाचा मालक: माझी धाकटी बहीण.

तीन वर्षांपूर्वी मी त्याच फाटकातून चौकट घेऊन आत गेलो होतो. तिच्या लिंबाच्या रोपांच्या पानांखाली टाचणीच्या टोकाएवढे पांढरे ठिपके होते, कळवावीच लागते अशी कीड. तिला महिनाभर माहीत होतं, तिने कळवलं नव्हतं. मी ‘आढळले’ लिहिलं. चारशे रोपं खड्ड्यात घालून जाळली. धूर विरेपर्यंत ती उभी होती, मग म्हणाली, “दादा, पुन्हा या फाटकातून आत येऊ नकोस.”

मी आत गेलो नाही. दर गुरुवारी संध्याकाळची जीप यायच्या आधी तिथे जाऊन बाहेर उभा राहायचो, एवढंच. फाटकाच्या फटीतून गुलाबाच्या रांगा दिसायच्या, तिची झारी दिसायची, कधी ओढणीचं टोक. फाटकाबाहेर एक रिकामी कुंडी पालथी पडलेली असे. तिच्यावर टेकायचो आणि निघायचो. बावीस वर्षं जमिनीकडे बघणारा मी, तिथे तेवढा वर बघत बसायचो.

पुस्तिकेतलं पुढचं वाक्य असं आहे: मार्ग सिद्ध न झाल्यास सर्वांत जवळची रोपवाटिका हेच उगमस्थान धरावे. उगमस्थान धरलं की दोन हंगाम कुलूप. दोन हंगामांत ती संपेल.

मार्ग सिद्ध केला, तर ज्याच्या बुटांतून आली त्याचे बूट जमा. तो माणूस पुन्हा चालत नाही. मागच्या खोलीत बसतो.

शुक्रवार

कुंडीच्या बुडाशी, जिथे मी पाय ठेवायचो बरोबर तिथेच, ती उगवली होती. गुडघ्याएवढी, निळ्या बारीक फुलांची. वारा नव्हता तरी हलत होती. खरं सांगायचं तर सुंदर असते चिकटी. हे आम्ही कुणाला सांगत नाही.

“आलास?” फाटकाच्या आतून बहीण म्हणाली.

“कामावर आहे.”

“दिसतंय की. चौकट घेऊन आलायस. राखीची नसेल तेवढी तुला चौकटीची आठवण.”

“फोटो तू पाठवलास?”

“मग काय कुंडीने पाठवला?”

“गुपचूप उपटून टाकायचीस. कुणाला कळलं असतं?”

“हे तू बोलतोयस? थांब, भिंतीवर लिहून ठेवते.” ती हसली, मग हसू आवरलं. “मागच्या खेपेला गप्प बसले, तर सगळं गेलं. या खेपेला म्हटलं, आपणच बोंब मारावी. काय व्हायचं ते होऊ दे. कुलूप आणलंयस का?”

मी कुंडीवर बसलो. बूट काढले. मोजा उलटा केला आणि फाटकाच्या फटीतून तिच्यापुढे धरला. मोज्याच्या विणीत बिया होत्या, तपकिरी, जोडीजोडीने, आकडे एकमेकांत गुंतवून झोपल्यासारख्या.

तिने एक बी नखाने सोडवून पाहिली. “म्हणजे तूच?”

“धरणापासून इथपर्यंत. सगळी मीच.”

“अरे, कुंपणच शेत खातं म्हणतात ते हे!” तिने तोंडावर हात घेतला. ती रडते की काय असं मला वाटलं, पण ती हसत होती, आवाज न करता, लहानपणी पांघरुणात हसायची तशी. “बावीस वर्षं खाली बघून चालतोस, आणि स्वतःचे पाय नाही दिसले तुला?”

“आणि मी इथे येतो हे तुला…”

“गुरुवारी, साडेचारला. दादा, ती कुंडी काय तिथे आपोआप जाऊन बसली?”

मी खाली कुंडीकडे पाहिलं. तिच्या कडेला कुणीतरी कापड गुंडाळून बांधलं होतं, टोचू नये म्हणून. ते मला तीन वर्षांत दिसलं नव्हतं.

तिने आतून कलमाचा चाकू आणला आणि फाटकाच्या त्या बाजूला जमिनीवर कागद अंथरून बसली. एकेक बी विणीतून टोकाने सोडवून पाकिटात टाकू लागली. मी या बाजूला नोंदीचा फॉर्म गुडघ्यावर घेतला.

संभाव्य मार्ग: सर्वेक्षक. बूट व मोजे. पुरावा पाकिटात. सोबत नकाशा, ओढ्याकडील वळशासह. वरील फाटक सर्वेक्षणाच्या रांगेत नाही. सर्वेक्षक तेथे दर गुरुवारी स्वतःहून येत असे. सर्वेक्षक रोपवाटिकेच्या आत गेलेला नाही, आतील तपासणी दुसऱ्या सर्वेक्षकाने करावी.

“वाचून दाखव,” ती म्हणाली. मी वाचलं.

“बूट घेतील ना तुझे?”

“घेतील.”

“मग करशील काय?”

“नकाशेवाल्या बाईंच्या शेजारी बसेन. ठिपके लावेन.”

“तुला बसवेल एका जागी?” चाकूचं टोक मोज्यात फिरत राहिलं. “कुंडीचं लिहिलंस?”

“कुंडीचा रकाना नाही.”

“शेऱ्यात लिही.”

शेरा: फाटकाबाहेर बसण्यास कुंडी ठेवलेली होती.

खाली सही केली. चिकटी मुळासकट काढली, पिशवीत बांधली, बांधताना तिची दोन निळी फुलं गळून मातीवर पडली आणि ती सुद्धा मी वेचली. बूट दुसऱ्या पिशवीत घातले आणि कुंडीवर ठेवले. मग उभा राहिलो. जीपला अजून तासभर अवकाश होता. पायांखाली माती गार होती. ती अशी लागते हे मी विसरलो होतो.

फाटकाचा अडसर सरकला. तिने फटीतून झारी बाहेर काढली.

“पाय पुढे कर. नखांतलंही बघ, नाहीतर माझ्या गुलाबांत पेरशील.”

तिने पाणी ओतलं. मी पाय धुतले, बोटांच्या बेचक्यांतून बोट फिरवून पाहिलं, तळवे तिला दाखवले. तिने वाकून दोन्ही तपासले, माझ्यासारखेच डोळे बारीक करून.

“नाही,” ती म्हणाली, आणि बाजूला सरली.